मागच्या शॉकअपचा कान कोणी तपासायचा?

माझ्या दुकानात मोटरसायकलचं रूप बदलून घ्यायला येणारी पोरं आधी मोबाइलवर फोटो दाखवतात. टाकी कशी निमुळती, सीट किती खाली, मागचा मडगार्ड कुठवर कापलेला. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करतो आणि मागचा शॉकअप चासीला जिथं टांगलाय ती जागा शोधतो. बहुतेक फोटोंत ती सावलीत असते, नाहीतर सायलेन्सरच्या आड. मग मी विचारतो, शॉकअपचा वरचा कान कशावर बसवायचा? उत्तर ठरलेलं असतं. "बसेल ना काका कुठंतरी."

कुठंतरी बसवलेला कान कधीतरी तुटतो. तो तुटतो तेव्हा गाडी दुकानात उभी नसते. ती कात्रजच्या उतारावर असते, वरंध घाटाच्या वळणावर असते, आणि मागं बहुधा कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो. वाफेच्या बॉयलरची नळी जोडणाऱ्या वेल्डरला आपण परीक्षा द्यायला लावतो, दाखला घ्यायला लावतो. माणसं घेऊन धावणाऱ्या दुचाकीची चासी जोडणाऱ्यालाही तशीच परीक्षा लावा आणि त्यानं केलेलं काम तपासून नोंदवण्याची सोय करा. आज हे काम कायद्यानं बंद आहे आणि प्रत्यक्षात गल्लोगल्ली चालू आहे. ते कोण करतो, कसं करतो, हे सरकारदरबारी कोणाला ठाऊक नाही.

वरवे बुद्रुकला महामार्गाच्या कडेला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, शेतीची ट्रॉली, टेम्पोचा हौदा ही रोजची कामं. उत्तरेला खेड शिवापूरचा टोलनाका, दक्षिणेला चेलाडी फाटा. पुण्याहून राजगड-तोरण्याकडं निघालेल्या बुलेट शनिवार-रविवारी दारावरून जातात आणि त्यातली एखादी आत वळते. जुनी येझदी, आरएक्स हंड्रेड, थंडरबर्ड अशा गाड्याही येतात. कोणाला बॉबर हवी असते, कोणाला स्क्रॅम्बलर. या हौसेबद्दल मला आदर आहे. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'नं आणि पुण्यात 'ऑटोलॉग डिझाइन'नं हे काम कलेच्या पातळीवर नेलं, हे आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांनाही माहीत आहे. पण त्यांच्या गाड्यांचे फोटो बघून जी पोरं आमच्याकडं येतात, त्यांच्या खिशात तेवढे पैसे नसतात. गाडीवर बसणारा जीव मात्र तेवढ्याच मोलाचा असतो.

आता त्या कानाबद्दल. मागचं चाक चिमट्यात धरलेलं असतं. चिमटा पुढच्या टोकाला चासीतल्या पिनवर फिरतो आणि मागचं टोक चाकाबरोबर वरखाली होतं. शॉकअपचं खालचं टोक या चिमट्याला आणि वरचं चासीवर वेल्ड केलेल्या भोकाच्या पत्र्याला जोडलेलं; तो पत्रा म्हणजे कान. चालवणारा, मागं बसलेली बायको, मध्ये पोर, हँडलला भाजीची पिशवी, या सगळ्यांचा मागचा भार दोन कानांतून चाकाकडं उतरतो. साडेतीनशे सीसीची गाडी आणि दोन माणसं धरली, तरी मागच्या चाकावर दोनशे किलोच्या आसपास वजन येतं. चाक खड्ड्यात आपटलं की क्षणभर ते दुप्पट-तिप्पट होतं.

एवढं सगळं शॉकअप उभा असताना. फोटोतल्या गाडीत तो झोपवलेला असतो, कारण झोपवला की गाडी लांब आणि बुटकी दिसते. उभ्यापासून ४५ अंशात झोपवला तर त्याच चाकावरचं तेवढंच वजन पेलण्यासाठी शॉकअपला साधारण १.४ पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर कानावर येतो. स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी निम्मा उरतो. गाडी बसकी होते, मग पोरगं जास्त कडक स्प्रिंग आणून घालतं. त्यातच खालचं टोक एक्सलजवळून काढून चिमट्याच्या मध्यावर आणलं, तर जोर आणखी दुप्पट. म्हणजे कंपनीनं जेवढ्या भारासाठी जागा केली होती त्याच्या पावणेतीन पट भार आपण नव्या, घरच्या जोडावर टाकतो. हे गणित दहावीच्या पोराला समजतं. ते गिऱ्हाईकासमोर कागदावर मांडणारी दुकानं मात्र फार थोडी आहेत.

बुलेटला मागं चिमटा आणि दोन शॉकअप आले ते १९४९ मध्ये, इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यात. पुढं १९५० च्या दशकात ती मद्रासलाही तयार व्हायला लागली. १९४९ च्या आधी बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक चासीला घट्ट बांधलेलं असे, धक्का खायची ती सीटखालची स्प्रिंग आणि चालवणाऱ्याचा मणका. इतक्या वर्षांत कंपनीनं ही जागा हजारो मैल खडबडीत रस्त्यांवर तपासून पक्की केली. आपण ग्राइंडरनं मागची चौकट कापतो, तेव्हा ती सगळी तपासणी कापून टाकतो. तिच्या जागी काय घालणार, याचं उत्तर कापण्याआधी तयार असायला हवं.

माझ्या दुकानात काम असं चालतं. आधी गाडी सरळ उभी करून चासीची मधली रेषा काढायची. त्यासाठी दोरी, ओळंबा आणि गुण्या पुरतो, पण घाई चालत नाही. चिमट्याची पिन, मागचा एक्सल आणि शॉकअपचे दोन्ही बोल्ट एकमेकांना समांतर नसतील, तर शॉकअपचा रबरी बुश रोज थोडा थोडा मुरगळतो आणि एका बाजूचा कान दुसऱ्यापेक्षा जास्त ओझं उचलतो. मग शॉकअपऐवजी पट्टीचे दोन डमी करायचे. एक शॉकअप पूर्ण उघडा असताना जेवढा लांब तेवढा, दुसरा पूर्ण दाबलेला असताना जेवढा उरतो तेवढा. दोन्ही लावून चाक वरखाली करून बघायचं. वर गेल्यावर टायर मडगार्डच्या बोल्टला घासतो का, चेन चिमट्याला लागते का, खाली आल्यावर चेन ताणते का. हे सगळं जमलं की कानाची जागा आपोआप पुढं येते. ती फोटोवरून ठरवायची नसते.

आणि ती जागा नळीच्या मध्यावर कधी घ्यायची नाही. दोन मिलिमीटर जाडीची नळी, तिच्या ऐन मध्यावर सहा मिलिमीटरचा कान. खड्ड्याखड्ड्याला ती नळी धनुष्यासारखी वाकणार. कान बसायला हवा जिथं दोन नळ्या भेटतात तिथं. तशी जागा मिळतच नसेल तर गसेट, म्हणजे आधाराचा तिकोनी पत्रा, घालून भार दुसऱ्या नळीवर न्यायचा, आणि त्या गसेटचं टोक बोथट तोडायचं नाही, निमुळतं करत न्यायचं. जाड भाग जिथं एकदम संपतो, नेमकी तिथंच पातळ नळी तडकते.

बोल्टबद्दलही असंच. कान एकच असेल तर बोल्ट एका बाजूनं धरलेला राहतो, शॉकअप त्याला दर धक्क्याला वाकवतो. समोर दुसरा कान उभा केला, शॉकअपचा डोळा दोघांच्या मध्ये बसवला, की बोल्टचं वाकणं जवळजवळ संपतं. कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत एका बाजूनं धरलेला स्टड असतो हे खरं. पण त्यांनी त्या स्टडची आणि आतल्या आडव्या नळीची जाडी त्या हिशोबानं ठरवलेली असते. आपण करताना दोन कानच करावेत. बोल्ट ८.८ ग्रेडचा, आकडा डोक्यावर उठवलेला, आणि कानाच्या पत्र्यात आट्यांचा भाग न येता गुळगुळीत दांडा येईल एवढ्या लांबीचा. बाजारात बिनआकड्याचा बोल्ट मिळतो, दिसायला तसाच चकचकीत. तो गेटच्या बिजागरीला ठीक आहे.

वेल्डिंगबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. वेल्डिंगचा जाड रन मारला म्हणजे जोड मजबूत, असं त्यांना वाटतं. पातळ नळीवर जाड रन मारला की नळी जळते, रनच्या काठाला खाच पडते. आमच्यात त्याला अंडरकट म्हणतात. तडा त्या खाचेतून सुरू होतो. एका मोठ्या खड्ड्यानं जोड सहसा तुटत नाही. तो लाखो लहान धक्क्यांनी थकतो. भारी पोलाद आणलं तरी हे थकणं फारसं लांबत नाही, कारण तडा रनच्या काठावर धरतो आणि तिथं नळी कितीही ताकदीची असली तरी काठ काठच राहतो. उलट लेथवाल्याकडून ईएन-८ च्या बारचे बुश करून आणले आणि गरम न करता सरळ चिकटवले, तर जोडाजवळ पोलाद कडक होऊन काचेसारखं ठिसूळ पडतं. म्हणून जोडायचा बुश साध्या एमएसचाच घ्यावा. रन शक्यतो नळीच्या लांबीनं जावा, नळीला आडवा वळसा घालून नाही. आधी चारही बाजूंनी टॅक, मग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, मध्ये मध्ये गार होऊ देत. एकाच बाजूला सलग मारलं तर कान ओढला जातो आणि ओळंब्यानं केलेली सगळी मेहनत वाया.

यानंतर जे होतं त्याची मला खरी चीड आहे. जोड ग्राइंडरनं घासून सपाट करतात, वर लांबी भरतात, सँडपेपर मारतात आणि झगझगीत रंग देतात. फोटोत नळी नि कान एकाच तुकड्यातून निघाल्यासारखे दिसतात. घासताना रनचं अर्धं पोलाद गेलेलं असतं आणि लांबीच्या थराखाली तडा गेला तरी महिनोन्महिने दिसत नाही. माझ्याकडं अशी एक गाडी आली होती, दुसरीकडं बनवलेली. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच की मागून कुरकुर आवाज येतो. उजव्या कानाजवळ रंगात केसाएवढी रेघ होती आणि पावसाचं तांबूस पाणी तिच्यातून ओघळलं होतं. लांबी खरवडली, लाल डाय मारला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. तडा नळीला जवळजवळ निम्मा वळसा घालून गेला होता. तो मुलगा त्याच गाडीवरून आईला बनेश्वरला घेऊन आला होता. तेव्हापासून मी माझ्या दुकानात शॉकअपच्या जोडावर लांबी लावू देत नाही. रन दिसला पाहिजे आणि त्याच्यावर पातळ रंग. "काका, लूक जाईल," असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, हा सगळा शहरी हौशी पोरांचा मामला. तसं नाही. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यावर पहाटे उभं राहा. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेल्या गाड्या डेअरीकडं निघालेल्या दिसतील. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये दूधच एक्केचाळीस किलो भरतं, कॅनचं वजन वेगळं. ते कॅन ज्या लोखंडी सांगाड्यावर अडकवतात, तो सांगाडा बहुतेक वेळा शॉकअपच्या वरच्या बोल्टलाच कसलेला असतो. मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट घालायचा, मध्ये वॉशरची चळत, बाहेरच्या टोकाला सांगाडा. जितका लांब बोल्ट, तितकं जास्त वाकणं. गाडीच्या नोंदणीपुस्तकात याची कसलीही नोंद नाही. हीसुद्धा बदललेलीच मोटरसायकल. तिला कोणी कस्टम म्हणत नाही, एवढाच फरक. दूधवाल्या दादांना हा सांगाडा आम्हीच बनवून देतो; मी तो शॉकअपच्या बोल्टला न टांगता चासीच्या मागच्या चौकटीला वेगळ्या पट्ट्यांनी धरतो. पैसे थोडे जास्त पडतात. सगळ्यांना ते परवडत नाहीत आणि मी जबरदस्ती करू शकत नाही. नियम असता तर करू शकलो असतो.

नियम काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपुस्तकात कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही आला: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एका बदलामागे पाच हजार रुपये, किंवा दोन्ही. मी या कायद्याच्या हेतूच्या विरोधात नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. पण बंदीनं काम थांबलेलं नाही, फक्त बिलावरचं नाव बदललं. बिलात 'रिपेअरिंग' लिहिलं जातं, किंवा बिलच नसतं. गाडी पोलिसाला चुकवून चालते. अपघात झाला तर विमा कंपनी बदललेल्या चासीवर बोट ठेवायला मोकळी. आणि ज्यानं जोड मारला त्याचा पत्ता कुठंच नाही.

कायद्याला वाट ठेवता येते, हे कायद्यानंच दाखवलंय. सीएनजी किट बसवता येतं: किट मान्यताप्राप्त, बसवणारा मान्यताप्राप्त, नोंद पुस्तकात. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायलाही कायद्यात जागा आहे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची चाकं जोडताना चासीवर जे पट्टे वेल्ड होतात, ते आणि माझा कान यांचं गणित एकच. मग एकाला तपासणीची वाट आणि दुसऱ्याला भिंत का?

म्हणतील, गाडीची चाचणी महागडी असते. ती असते, कारण आपल्याकडची चाचणी नमुन्यासाठी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे उत्पादक आपल्या मॉडेलचा नमुना ठरलेल्या संस्थेकडं तपासायला देतो आणि मग हजारो गाड्या काढतो. त्यातल्या तीन संस्था आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय आहे, भोसरीत सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. एवढं ज्ञान माझ्या दुकानापासून काही तासांच्या अंतरावर बसलंय, आणि एकच गाडी बनवणाऱ्याला तिथं जायला दरवाजा नाही. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेचा तपासनीस एकेका गाडीतला बदल बघतो आणि पटला तर कागदावर चढवतो. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकट्या मोटरसायकलीसाठी स्वतंत्र तपासणी आहे. त्या देशांतल्या रस्त्यांवर यामुळं अनागोंदी माजलेली नाही.

आपल्याकडं सुरुवात वेल्डरपासून करावी, असं माझं मत आहे. बॉयलरच्या कायद्यानं ते केव्हाच ओळखलं होतं; १९२३ चा तो कायदा २०२५ मध्ये बदलला, पण महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय आजही वेल्डरची परीक्षा घेतं. परीक्षा गूढ नाही. दोन तुकडे जोडायला देतात, जोडाच्या पट्ट्या कापून त्या उलट्यासुलट्या वाकवतात. जोड उघडला तर नापास. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथल्याच कार्यशाळेत पातळ नळीवर जाड पत्रा जोडण्याची वेगळी परीक्षा घेता येईल. पास होणाऱ्याला क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक त्यानं प्रत्येक कानावर ठोकून उठवावा, कंपनी चासी नंबर ठोकते तसा. रंग देण्याआधी उघड्या जोडाचे फोटो आणि नळी-पत्रा-बोल्टचा तपशील बिलाला जोडावा. आरटीओच्या निरीक्षकानं गाडी बघताना डाय मारून तडा तपासावा, बोल्टचा ग्रेड वाचावा, शॉकअप पूर्ण दाबून टायर कुठं लागतो ते बघावं. यात अर्ध्या तासावर काही नाही. पटलं तर नोंदणीपुस्तकात बदल चढवावा, नाही पटलं तर गाडी रस्त्यावर येऊ देऊ नये. वर्षा-दीड वर्षानं तीच गाडी पुन्हा बोलवावी, कारण थकलेला जोड पहिल्या दिवशी ओळखू येत नाही.

याला माझ्याच धंद्यातून विरोध होईल, हेही मला माहीत आहे. बरेच हात अनुभवानं तयार झालेत, त्यांच्याकडं कागद नाही. परीक्षेच्या नावाखाली आणखी एक खिडकी, आणखी एक चिरीमिरी, अशी त्यांची भीती आहे आणि ती खोटी नाही. म्हणून परीक्षा उघड्यावर व्हावी, पट्टी सगळ्यांसमोर वाकवावी. वाकलेल्या पट्टीत तडा आहे की नाही, हे बघायला कोणाची शिफारस लागत नाही. चांगल्या हाताचा यात फायदाच आहे. आज निम्म्या पैशात लांबी भरून देणारा आणि दोन दिवस ओळंबा धरून बसणारा, गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. आयटीआय करून बाहेर पडलेल्या आमच्या तालुक्यातल्या पोरांना शिंदेवाडी-वेळूच्या कारखान्यांत कंत्राटी कामाशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्यांच्यासाठी हा क्रमांक स्वतःचं दुकान काढण्याचं भांडवल होऊ शकतं.

परिवहन आयुक्तांनी पुणे जिल्ह्यापुरता हा प्रयोग करून बघावा. गाड्या बनवणारं शहर इथं आहे, तपासणाऱ्या संस्था इथं आहेत, दुधाच्या गाड्याही इथंच आहेत. पहिल्या तुकडीत माझं नाव लिहा. फी भरतो, पट्ट्या जोडून देतो, हव्या तितक्या वाकवून पाहा.